पडू नये म्हणून बसवून ठेवायचं?

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची आहे. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. दोन महिन्यांपूर्वी पहाटे साडेतीनला बाथरूमला जायला उठली आणि पलंगापासून चार पावलांवर पडली. हाड मोडलं नाही, पण गुडघा आणि मनगट चांगलंच सुजलं. तब्येतीची म्हणाल तर विशेष तक्रार नाही. पडण्याच्या आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी वाढवून प्रेशर छान आटोक्यात आणलं होतं. शेवटी वय झालं, दुसरं काय! तेव्हापासून माझा भाऊ रोज फोनवर बजावतो, "तिला एकटीला उठू देऊ नकोस." मीही सगळं तिच्या हातात नेऊन देते. फिरणं बंद, जिना बंद. आई दिवसभर खुर्चीत असते. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणीही पीत नाही. झोपेची गोळी घेते, तरी जाग येतेच. काठी आणली, ती दाराआड पडून आहे. "मी काय म्हातारी झालेय?" म्हणते. परवा बोलता बोलता सांगून गेली की गेल्या वर्षी नवा चष्मा केला तेव्हाही जिन्यात एकदा पडली होती. आम्हाला पत्ताच नव्हता. आता मीच रात्रभर जागी असते. ती पुन्हा पडू नये म्हणून आणखी काय करू?
– एक मुलगी

उत्तर : "आणखी काय करू" असं तुम्ही विचारताय, पण मला वाटतं काही गोष्टी तुम्ही आत्ताच गरजेपेक्षा जास्त करताय. आणि आई का पडली याची बरीचशी उत्तरं तुमच्याच पत्रात आहेत. ती तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत आणि "वय झालं" म्हणून त्यांच्यावर पडदा ओढलात. ६५ च्या पुढची साधारण तीन-चार माणसांमागे एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, हे खरं. म्हणजे उरलेली दोन-तीन माणसं पडत नाहीत, आणि वय तर त्यांचंही झालेलंच असतं.

सगळ्यात आधी ती वाढवलेली गोळी. आपण आडवे असतो तेव्हा रक्त अंगभर सारखं पसरलेलं असतं. उभे राहिलो की ते पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाचे ठोके वाढवून ते लगेच सावरून घेतं. उतारवयात हे सावरणं मंदावतं, आणि प्रेशरच्या गोळीने आणखी मंदावू शकतं. मधल्या काही सेकंदांत मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात. तुमची आई बाथरूमच्या ओल्या फरशीवर घसरली नाही. उठल्यावर चार पावलांत पडली. मला तर हे चार पावलांचं अंतरच सगळ्यात बोलकं वाटतं. डॉक्टरांनी मोजलेलं "छान" प्रेशर बहुधा खुर्चीत बसलेल्या आईचं असणार. पहाटे अंथरुणातून उठणाऱ्या आईचं प्रेशर कुणी मोजलेलंच नाही.

ते मोजता येतं. घरात मशीन असेल तर आईला पाच मिनिटं शांत आडवं पडू द्या आणि मोजा. मग उभं करा, शेजारी थांबा, एक मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला उभं राहिल्यावर प्रेशर उतरणं म्हणतात, आणि ते डॉक्टरांना कळायलाच हवं. चक्कर आली तर आकड्यांचा नाद सोडून तिला लगेच बसवा. दोन-तीन दिवस सकाळी असे आकडे लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. डोस, गोळीची वेळ किंवा गोळीच बदलायची, हे त्यांना ठरवू द्या. तुम्ही स्वतःहून गोळी कमी किंवा बंद करू नका.

याच जोडीला त्या पहाटेबद्दल आईला नीट विचारा. उठल्यावर अंधारी आली होती का? पाय अडकला का? की मधलं काही आठवतच नाही? शुद्ध हरपली असेल किंवा छातीत धडधड झाली असेल, तर वाट न बघता हृदयाची तपासणी करून घ्या. आणि नुसतं कूस बदलल्यावर खोली गरगर फिरत असेल, तर तो कानाच्या आतल्या भागातल्या बारीक कणांचा त्रास असू शकतो. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने वळवून तो बऱ्याचदा काही मिनिटांत घालवतात. लोक मात्र त्यासाठी वर्षानुवर्षं चक्करच्या गोळ्या खात बसतात.

आता पाण्याचं. पाचनंतर पाणी बंद करून आई पडण्याचा धोका टाळत नाहीये, वाढवतेय. अंगात पाणी कमी म्हणजे रक्ताचं आकारमान कमी, आणि मग उभं राहिल्यावर प्रेशर आणखी खाली. शिवाय लघवी दाट झाली की मूत्राशय चाळवतं ते वेगळंच. दिवसभरात पाणी पुरेसं जाऊ द्या, झोपण्याआधीचे दोनेक तास तेवढा हात आखडता घ्या. रात्री किती वेळा उठावं लागतं तेही डॉक्टरांना सांगा. मूत्रमार्गाचा संसर्ग, वाढलेली साखर, संध्याकाळी घेतली जाणारी लघवीची गोळी, यातलं काहीही त्यामागे असू शकतं, आणि या तिन्हींवर उपाय आहे.

झोपेच्या गोळीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरोघरी तिच्याकडे काणाडोळा होतो. ती घेऊनही आईला जाग येतेच, असं तुम्ही लिहिता. म्हणजे झोप मिळत नाही, गुंगी तेवढी मिळते, आणि त्या गुंगीत ती पहाटे अंधारात चालते. न्यूझीलंडमध्ये ६५ च्या पुढच्या लोकांच्या अशा गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद करून पाहिल्या होत्या. १९९९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पडण्याचा धोका ६६ टक्क्यांनी कमी झाला! गंमत म्हणजे अभ्यास संपल्यावर महिन्याभरात त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. इतकी ती चिकट असते. म्हणूनच ती एका रात्रीत बंद करायची नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची. सर्दी-खाजेवरच्या काही जुन्या गोळ्यांनीही अशीच गुंगी येते, आणि त्या लोक चिठ्ठीशिवायच आणून घेतात. डॉक्टरांकडे जाताना नुसती यादी नेऊ नका. आईच्या उशाशी, कपाटात, पर्समध्ये जे जे पाकीट सापडेल ते पिशवीत भरून न्या.

आणि तो चष्मा. गेल्या वर्षीचं जिन्यातलं पडणं आणि नवा चष्मा एकाच वेळचे आहेत, तेव्हा काच कुठली आहे ते बघा. वर लांबचं आणि खाली जवळचं दिसणारी काच असेल, तर जिना उतरताना नजर खाली जाते आणि नेमकी वाचायच्या नंबरातून पायरी बघितली जाते. पायरीची कड पुसट दिसते, खोलीचा अंदाज चुकतो. जिन्यासाठी आणि बाहेर चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. मोतीबिंदू आहे का तेही एकदा तपासून घ्या. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन वेळेवर झालं तर पडणं कमी होतं, असं दिसून आलेलं आहे.

इथवर आई का पडली याबद्दल. आता तुम्ही आणि तुमच्या भावाने त्यानंतर जे केलंत त्याबद्दल. मायेने केलंत, यात शंका नाही. पण खुर्ची हा उपाय नाही. निरोगी, साठी ओलांडलेल्या स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवून मोजमाप केलं होतं, २००७ मध्ये. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. आई अंथरुणात नाही, खुर्चीत आहे, हे मान्य. पण तिला दोन महिने झालेत. जे स्नायू तिला तोल सावरायला हवेत तेच तुम्ही रोज थोडे थोडे झिजवताय. मग ती उठताना डगमगते, ते पाहून तुम्ही आणखी धास्तावता आणि तिला आणखी बसवता.

पडणं कमी करण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा कशाचा असेल तर तो व्यायामाचा. २०१९ मध्ये १०८ अभ्यास आणि २३ हजारांहून जास्त वयस्कर माणसं एकत्र धरून हिशेब मांडला गेला. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी खाली आलं. पण कुठला व्यायाम? इथे बरेच लोक फसतात. नुसतं चालणं पुरत नाही. चालणं मनाला आणि हृदयाला चांगलं आहे, ते बंद करू नका. पण तोल आणि पायांची ताकद यांचा व्यायाम वेगळा करावा लागतो. त्यासाठी थोडं डगमगावं लागतं. हात धरून, अलगद, अजिबात न डगमगता केलेला तोलाचा व्यायाम म्हणजे काठावर बसून पोहायला शिकणं.

घरी सुरुवात खुर्चीपासूनच करा. हात असलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईला बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसायला सांगा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, जमिनीवर पूर्ण टेकलेली. मग तिने पुढे झुकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल, आणि टाचांवर जोर देऊन उभं राहायचं. बहुतेक वयस्कर माणसं पुढे झुकायला घाबरतात, सरळ वर उठायला बघतात आणि धपकन मागे बसतात. ताकद नसते म्हणून नव्हे, वजन पावलांवर आलेलंच नसतं म्हणून. उभं राहिल्यावर एक श्वास घ्यायचा आणि मग बसायचं, तेही तीन आकडे मोजत, सावकाश. खरा व्यायाम या सावकाश बसण्यातच आहे. आधी खुर्चीच्या हातांचा आधार घेऊ दे, मग एकाच हाताचा, मग नुसत्या बोटांचा. पाच वेळा जमलं तरी सुरुवातीला पुष्कळ झालं.

प्रगती मोजायची एक सोपी रीत आहे. हात छातीशी घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ७५ ते ७९ वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमलं, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आणि पडण्याचा धोका जास्त, असं धरतात. आज तीनच जमले तर तीन लिहा. हात लावावा लागला तर शून्य लिहा आणि ते मनाला लावून घेऊ नका.

दुसरा व्यायाम ओट्यापाशी. ओट्याला हात लावून उभं राहायचं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवायची आणि दहा सेकंद थांबायचं. मग हळूहळू ओट्यावरचा आधार कमी करायचा. तुम्ही हातभर अंतरावर उभ्या राहा, पण धरू नका. हे तुम्हाला फार अवघड जाईल, तिच्यापेक्षा जास्त. आठवड्यातून तीन दिवस, महिनोन् महिने करायचं आहे. सुरुवातीला एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून बसवून घेतलंत तर उत्तम. मनगट-गुडघा सुजला होता, तोही त्यांना दाखवून घ्या.

घराबद्दल थोडक्यात, कारण यावर सगळेच सांगतात. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट रात्री दिवा बंद करून स्वतः चालून बघा. तिथे हालचाल झाली की आपोआप लागणारा लहान दिवा लावा. सुटी पायपुसणी आणि वाटेतल्या वायरी उचला. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी भिंतीत खिळवलेला दांडा बसवा. टॉवेलच्या दांडीवर कुणी भार टाकू नये, आणि हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या दांड्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पलंग असा हवा की कडेला बसल्यावर पावलं जमिनीवर पूर्ण टेकतील. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे नकोत, टाच मोकळी असलेल्या सपाताही नकोत. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसेल अशी पट्टी चिकटवा. आणि रात्री उठण्याची रीत बदला : जाग आली की पडल्या पडल्या पावलं दहा-बारा वेळा वर-खाली करायची, मग पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहून पलंगाला हात लावून थांबायचं, डोकं स्वच्छ वाटलं की मगच पहिलं पाऊल.

काठीचं मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. कुणीतरी आणून हातात दिलेली काठी कुणालाच आवडत नाही. मुळात तिला तिची गरज आहे का, तेही फिजिओथेरपिस्टने चालणं बघून सांगू दे. गरज असेल तर आईला सोबत नेऊन तिलाच निवडू दे. उंची मोजायची ती नेहमीची पादत्राणं घालून, हात सैल सोडून : काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. निम्मे लोक उलट धरतात, सिनेमातसुद्धा. खालचं रबर झिजलं की लगेच बदला. झिजलेल्या रबराची काठी नसलेली बरी.

हाडांची घनता तपासणारी चाचणीही डॉक्टरांना विचारून करून घ्या. पडणं थांबवणं आपल्या हातात पूर्णपणे नाही, पण हाड मजबूत असेल तर पडण्याची किंमत कमी होते. ड जीवनसत्त्व मात्र मनाने भरमसाट देऊ नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस देऊन पाहिला, तर पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं.

जिन्यातलं पडणं तिने वर्षभर लपवलं, याचा तुम्हाला राग आलाय असं पत्रावरून वाटतं. पण ती का सांगेल? सांगितल्यावर काय होतं ते तिने या वेळी पाहिलं : फिरणं गेलं, जिना गेला, स्वतःच्या हाताने पाणी घेणंही गेलं. पुढच्या वेळी तिने खरं सांगावं असं वाटत असेल, तर सांगण्याची एवढी शिक्षा नको. आजच तिला काहीतरी परत द्या. दिवसा, उजेडात, पायात नीट चप्पल असताना घरात एकटीने फिरणं हे पहिलं. जिना दुसरा, लांबच्या चष्म्याने, कठडा धरून, सुरुवातीला तुम्ही उतरताना तिच्या एक पायरी खाली. आणि तिला विचारा, तिला स्वतःला कशाची भीती वाटते. पुष्कळदा पडण्याची नसते, पडल्यावर तासन् तास कुणाला कळणार नाही याची असते. गळ्यात अडकवायचा फोन किंवा रात्री उशाशी एक घंटा, एवढ्यावर ही भीती बरीच उतरते. तुमचीही झोप त्यातूनच परत येईल.

आणि तरीही पडली तर? दंडाला धरून खेचू नका. खांदा निखळतो, तुमची पाठ जाते. मिनिटभर तिला तशीच राहू द्या. जांघेत किंवा कमरेत असह्य दुखत असेल, पाय आखूड झाल्यासारखा आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि ती रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर ती कितीही "मी ठीक आहे" म्हणाली तरी दवाखाना गाठा. हळूहळू होणारा रक्तस्राव कधीकधी काही आठवड्यांनी दिसतो, म्हणून नंतरही सुस्ती, गोंधळ, वाढती डोकेदुखी यांवर लक्ष ठेवा. काही लागलं नसेल तर कुशीवर वळायचं, हात आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत मजबूत खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, चांगल्या पायाचं पाऊल पुढे रोवून उठायचं आणि वळून बसायचं. गुडघा पूर्ण बरा झाला की एकदा गादीवर, हसत-खेळत, याची तालीम करा. आपल्याला उठता येतं हे कळलं की चालण्यातला निम्मा ताठरपणा जातो.

राहता राहिला तुमचा भाऊ. त्याची काळजी खरी आहे, फक्त तिला काम नाहीये, म्हणून ती हुकूम सोडते. त्याला काम द्या. आठवड्यातून तीन सकाळी त्याने व्हिडिओ कॉल लावायचा आणि आई खुर्चीतून किती वेळा उठते ते मोठ्याने मोजायचं, वहीत लिहायचं. डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी त्यालाही फोनवर घ्या, म्हणजे "कोण म्हणालं तिला चालवायला" हा प्रश्न तुम्हाला येणार नाही. दोन महिन्यांनी वहीतले आकडे मला जरूर कळवा, आणि भाऊ मोजायला कंटाळला तर तेही.